सूर्याची प्रतिमा पुन्हा उभी करताना: स्पेकल, एमएफबीडी आणि न्यूरल नेटवर्क यांची तुलना कशी करावी

एकच सौरडाग, हवेने धूसर केलेल्या त्याच शंभर फ्रेम, पण त्यांतून स्पष्ट प्रतिमा पुन्हा उभी करणारे प्रोग्राम दोन: एक स्पेकल पद्धतीचा, दुसरा एमएफबीडीचा, म्हणजे बहु-फ्रेम ब्लाइंड डीकॉन्व्होल्यूशनचा. पहिल्याने तयार केलेल्या प्रतिमेत उपच्छायेच्या, म्हणजे डागाच्या काळ्या मध्याभोवतीच्या करड्या पट्ट्याच्या, एका तंतूच्या मधोमध केसासारखी काळी रेघ दिसते. दुसऱ्याच्या प्रतिमेत तोच तंतू सलग उजळ आहे. ही रेघ सूर्यावर आहे की प्रोग्रामने काढली आहे?

प्रश्न किरकोळ नाही. ला पाल्मा बेटावरच्या स्वीडिश सौर दुर्बिणीतून २००२ साली अशाच तंतूंच्या पोटात काळे गाभे सापडले आणि उपच्छायेच्या रचनेचा विचार नव्याने करावा लागला. म्हणजे काळी रेघ खरी असू शकते. पण गोंगाटावर, म्हणजे मोजमापातल्या यादृच्छिक चढउतारांवर, गणिती प्रक्रिया जरा जास्त ताणली की अशा रेघा आपोआपही उगवतात. जी प्रतिमा जास्त तीक्ष्ण ती बरोबर, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. ती कसोटी चुकीची आहे. तिच्याऐवजी काय वापरायचं ते इथे पायरीपायरीने मांडतो. तुमच्या हातात दुर्बिणीचा कच्चा डेटा आहे आणि पायथॉनसारख्या भाषेत फुरिये रूपांतर करता येतं, एवढं मी गृहीत धरलं आहे.

आधी आकडे मांडा

कुठलाही प्रोग्राम चालवण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा: दुर्बिणीचा व्यास, तरंगलांबी आणि फ्राइड लांबी. हवेतल्या खळबळीनंतरही तरंगाग्र, म्हणजे प्रकाशलाटेची आघाडी, जेवढ्या रुंदीपर्यंत साधारण सपाट राहतं, ती रुंदी म्हणजे फ्राइड लांबी. दिवसा चांगल्या ठिकाणी ५०० नॅनोमीटरला ती १० सेंटिमीटरच्या आसपास असते. जमीन तापली की ती झपाट्याने घसरते.

१ मीटर व्यासाच्या दुर्बिणीची ५०० नॅनोमीटरला सैद्धांतिक क्षमता सुमारे ०.१ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असते. सूर्यावर १ आर्कसेकंद म्हणजे जवळपास ७२५ किलोमीटर, तेव्हा ही दुर्बीण ७५ किलोमीटरचा तपशील वेगळा दाखवू शकते. पण फ्राइड लांबी १० सेंटिमीटर असेल आणि कसलीही दुरुस्ती केली नसेल, तर लांब एक्स्पोजरच्या प्रतिमेत तपशील १ आर्कसेकंदावरच अडतो. ग्रॅन्युल, म्हणजे पृष्ठभागावरचे उकळते दाणे, साधारण हजार किलोमीटरचे असतात. ते दिसतील, पण त्यांच्या कडा विरघळलेल्या असतील. ही दहापट दरी भरून काढणं हेच पुनर्रचनेचं काम.

व्यास भागिले फ्राइड लांबी हे गुणोत्तर यापुढे सतत लागेल. वरच्या उदाहरणात ते १० आहे. नुसत्या चांगल्या फ्रेम वेचून काम भागेल का, याचं उत्तर या एका आकड्यात मिळतं. डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे गुणोत्तर ७ असेल तर जवळजवळ निर्दोष फ्रेम मिळण्याची शक्यता साडेतीनशेत एखादी. गुणोत्तर १० झालं की ती दहा लाखांत एक. छोट्या दुर्बिणीवर, जिथे गुणोत्तर दोन-तीनच असतं, तिथे उत्तम फ्रेम निवडणं, त्यांची सरासरी घेणं आणि हलकं शार्पनिंग करणं एवढं बहुतेक वेळा पुरतं. पुढचा सगळा खटाटोप तिथे करू नका. मोठ्या दुर्बिणीवर मात्र फ्रेम निवडणं ही फक्त पहिली चाळणी.

फ्राइड लांबी तरंगलांबीच्या ६/५ घाताने वाढते. ५०० नॅनोमीटरला १० सेंटिमीटर असेल तर कॅल्शियमच्या ८५४ नॅनोमीटरच्या रेषेत ती जवळपास १९ सेंटिमीटर होते. म्हणून एकाच दिवसाच्या निळ्या आणि अवरक्त प्रतिमांची थेट तुलना करून "अमुक पद्धत सरस" असा निष्कर्ष काढू नका. अवरक्त प्रतिमेला हवेनेच झुकतं माप दिलेलं असतं.

पायरी १: फ्रेमचा संच निवडा

एक्स्पोजर इतकं छोटं हवं की तेवढ्या वेळात हवा गोठलेली वाटावी. व्यवहारात ते १० मिलिसेकंदांच्या खाली ठेवतात. पिक्सेल इतका लहान हवा की सैद्धांतिक क्षमतेच्या एका घटकात किमान दोन पिक्सेल बसावेत. १ मीटर आणि ५०० नॅनोमीटरसाठी म्हणजे ०.०५ आर्कसेकंद. पिक्सेल याहून मोठे असतील तर हरवलेला तपशील कोणतीही पद्धत परत आणू शकत नाही.

एका संचात किती फ्रेम घ्यायच्या, याला वरची मर्यादा सूर्यच घालतो. प्रकाशमंडलात, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागात, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर असतो. ७५ किलोमीटरचा तपशील साधारण १० सेकंदांत बदलू शकतो, तेव्हा सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने १०० फ्रेम घ्यायला लागणारे ३.३ सेकंद चालतात. हवाई बेटांतल्या हालेआकाला शिखरावर ४ मीटर व्यासाची डॅनियल के. इनोये सौर दुर्बीण आहे. तिचा तपशील २० किलोमीटरच्या आत जातो आणि हाताशी तीनेक सेकंदच उरतात. तिथे कॅमेऱ्याचा वेग ही चैन नाही, अट आहे.

तुलनेसाठी एकच देखणा संच घेऊ नका. एक उत्तम हवेचा, एक मध्यम, एक वाईट असे तीन घ्या. शिवाय दृश्यही निदान दोन प्रकारचं हवं: शांत सूर्याचा भाग आणि डाग. उत्तम हवेत सगळ्याच पद्धती चांगल्या दिसतात. त्यांच्यातला फरक मध्यम हवेत उघडा पडतो.

पायरी २: डार्क आणि फ्लॅट

सगळ्यात जास्त दुर्लक्ष या पायरीकडे होतं आणि सगळ्यात जास्त खोटा तपशीलही इथूनच येतो, म्हणून इथे जरा थांबतो.

डार्क सोपा आहे. झाकण लावून, त्याच एक्स्पोजरने आणि त्याच तापमानाला शंभरेक फ्रेम घ्यायच्या आणि त्यांची सरासरी वजा करायची. फ्लॅट अवघड आहे, कारण सूर्य कुठेही सपाट नसतो. शांत सूर्याच्या मध्यभागी दुर्बीण सतत फिरवत हजारेक फ्रेम घ्यायच्या, म्हणजे ग्रॅन्युल सरासरीत पुसले जातात आणि उरते ती फक्त कॅमेऱ्याची व धुळीची छाप.

एकदा आमच्या संचात अगदी छोटा, गोल, काळा ठिपका होता. स्पेकलमध्ये दिसला, एमएफबीडीमध्येही दिसला. दोन स्वतंत्र पद्धती एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरी, असं मानून मी त्याला चिमुकलं रंध्र, म्हणजे उपच्छाया नसलेला छोटा डाग, धरलं. पुढच्या संचात दुर्बीण ४ आर्कसेकंद सरकवली होती. ग्रॅन्युल सरकले, ठिपका त्याच पिक्सेलवर बसून राहिला. फ्लॅट निरीक्षणानंतर तासाभराने घेतला होता आणि मधल्या वेळात फिल्टरवरचा धुळीचा कण हलला होता. कच्च्या फ्रेममध्ये हा डाग जेमतेम एक टक्का गडद होता, डोळ्याला दिसतही नव्हता. पण पुनर्रचना उच्च वारंवारता, म्हणजे बारीक तपशील, उचलून धरते आणि तिच्यासोबत अशी स्थिर छापही वाढवते.

त्यावरून दोन सवयी लावून घ्या. फ्लॅट निरीक्षणाच्या आधी आणि नंतर, असा दोनदा घ्या आणि दोन्हींचा भागाकार करून पाहा. जिथे भागाकार एकापासून अर्धा टक्का जरी सरकला असेल तिथे खूण करून ठेवा. आणि पुनर्रचित प्रतिमांची मालिका सूर्यावर न जुळवता पिक्सेलवर जुळवून चालवून पाहा. जे हलत नाही ते सूर्याचं नाही.

पायरी ३: सर्वांना सारखी जमीन

दोन पद्धतींच्या निकालातला निम्मा फरक पद्धतींचा नसतोच. तो सभोवतालच्या निवडींचा असतो. म्हणून हे मुद्दे सर्वांसाठी एकच ठेवा: तीच फ्रेम, तेवढीच संख्या, तीच संदर्भ-फ्रेम (जिच्यावर बाकीच्या फ्रेम जुळवतात ती), आणि उपक्षेत्राचा तोच आकार.

उपक्षेत्रं लागतात, कारण दृश्याच्या वेगवेगळ्या भागांचा प्रकाश हवेच्या वेगवेगळ्या थरांतून येतो. साधारण ५ आर्कसेकंदांच्या चौकोनात विकृती एकसारखी धरता येते. ०.०५ आर्कसेकंदाच्या पिक्सेलला हा चौकोन १०० पिक्सेलचा होतो, म्हणून १२८ पिक्सेल घेणं सोयीचं. शेजारचे चौकोन निम्म्याने एकमेकांवर चढवा आणि प्रत्येकाच्या कडा हळूहळू शून्याकडे नेणारा झरोका लावा. चढवण कमी पडली तर नंतर दोन निकालांच्या वजाबाकीत बुद्धिबळाचा पट दिसतो.

गोंगाट गाळणारा फिल्टरही एकच हवा. एका प्रोग्रामचा मूळ फिल्टर सैल आणि दुसऱ्याचा कडक असेल तर पहिला तीक्ष्ण दिसणारच. शक्य असेल तर दोन्हींचे अंगभूत फिल्टर बंद करा आणि शेवटी एकच फिल्टर दोन्हींना लावा.

पायरी ४: स्पेकल पद्धत

आंत्वान लाबेरी यांनी १९७० मध्ये दाखवलं की छोट्या एक्स्पोजरच्या फ्रेम धूसर दिसल्या तरी त्यांच्या कणीदार नक्षीत पूर्ण क्षमतेचा तपशील दडलेला असतो. सरासरी प्रतिमेची घेतली तर तो नष्ट होतो, पॉवर स्पेक्ट्रमची, म्हणजे प्रत्येक वारंवारतेत किती जोर आहे त्याच्या नोंदीची, घेतली तर टिकतो. पण पॉवर स्पेक्ट्रममध्ये फक्त आयाम (लाटेची उंची) असतो, फेज (लाटेची जागा) हरवतो. फेज नसेल तर किती वारंवारता आहेत ते कळतं, पण त्या कुठे बसवायच्या ते कळत नाही. प्रतिमेचा आकार मुख्यतः फेजमध्येच असतो.

हा फेज परत मिळवण्याची वाट गेर्ड वायगेल्ट यांच्या १९७७ च्या स्पेकल मास्किंगमधून निघाली. तीन वारंवारता अशा निवडायच्या की त्यांचा त्रिकोण बंद व्हावा. दुर्बिणीच्या आरशावरचे तीन तुकडे डोळ्यासमोर आणा. हवा प्रत्येक तुकड्यावर आपली चूक टाकते. पहिल्या-दुसऱ्या जोडीत पहिल्याची चूक अधिक चिन्हाने येते, तिसऱ्या-पहिल्या जोडीत वजा चिन्हाने. त्रिकोणाभोवती बेरीज केली की सगळ्या चुका एकमेकींना खातात आणि उरतो तो सूर्याचा स्वतःचा फेज. मग कमी वारंवारतेपासून सुरुवात करून एकेक पाऊल वर चढत सगळा फेज बांधत जायचा.

चालवताना क्रम असा: फ्रेम जुळवा, उपक्षेत्रं कापा, पॉवर स्पेक्ट्रम आणि त्रिकोणी बेरीज, म्हणजे बायस्पेक्ट्रम, यांच्या सरासऱ्या काढा, फेज बांधा, आयाम दुरुस्त करा, दोन्ही एकत्र करून उपक्षेत्रं शिवा. किसिप हे या कामाचं प्रसिद्ध पॅकेज आहे. शंभरेक फ्रेम लागतात, कारण सरासरीला हवेचे बरेच वेगवेगळे नमुने हवेत.

खरा धोका आयामात आहे. ताऱ्यांच्या निरीक्षणात शेजारचा एकटा तारा संदर्भ म्हणून मिळतो, सूर्यावर तसा बिंदू नाही. म्हणून हवेने आयाम किती दाबला ते प्रतिमानावरून ठरवावं लागतं आणि त्या प्रतिमानाला फ्राइड लांबी द्यावी लागते. ओस्कार फॉन डेर ल्यूहे यांनी १९८४ मध्ये ती त्याच संचातून काढण्याची गुणोत्तर पद्धत दिली. अंदाज चुकला तर कॉन्ट्रास्ट चुकतो, पण आकार बहुधा शाबूत राहतात. अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स (आरसा क्षणोक्षणी वाकवून हवेची विकृती दुरुस्त करणारी यंत्रणा) चालू असेल तर आणखी एक गाठ पडते: दुरुस्ती दृश्याच्या मध्यावर चांगली आणि कडेला उतरत गेलेली असते. प्रतिमानाने हे लक्षात घेतलं नसेल तर मध्यभागाचा कॉन्ट्रास्ट कडेपेक्षा उगाच वेगळा येतो. शांत सूर्याच्या संचावर मध्य आणि कड यांचा कॉन्ट्रास्ट मोजला की ही चूक लगेच सापडते, कारण एवढ्या छोट्या दृश्यात ग्रॅन्युलचं सरासरी रूप सगळीकडे सारखंच असायला हवं.

पायरी ५: एमएफबीडी

इथे विचार उलट्या बाजूने होतो. स्पेकल हवेची सांख्यिकी वापरतं, बहु-फ्रेम ब्लाइंड डीकॉन्व्होल्यूशन प्रत्येक फ्रेममागची विकृती शोधायला निघतं. गृहीतक असं: सगळ्या फ्रेममागे सूर्य एकच, प्रत्येक फ्रेमचा पीएसएफ वेगळा. एका बिंदूचा प्रकाश किती आणि कसा पसरला ते सांगणारा नमुना म्हणजे पीएसएफ. तो आरशावरच्या तरंगाग्रातून निघतो आणि तरंगाग्र काही मोजक्या ठरावीक आकारांच्या, म्हणजे मोडांच्या, बेरजेने लिहिता येतं. प्रोग्राम या मोडांचे गुणांक असे शोधतो की सूर्य आणि पीएसएफ यांच्या मीलनातून प्रत्यक्ष फ्रेम जास्तीत जास्त जुळाव्यात.

मोड किती घ्यायचे यावर सगळा निकाल फिरतो. रॉबर्ट नॉल यांचं १९७६ चं सूत्र इथे उपयोगी पडतं. आपल्या १० च्या गुणोत्तराला, अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स नसताना, ३६ झेर्निके मोड (गोल आरशावरच्या विकृतीचे ठरावीक आकार) दुरुस्त केले तर उरलेल्या विकृतीचा वर्ग सुमारे ०.६१ रेडियन वर्ग राहतो. म्हणजे मध्यवर्ती शिखरात साधारण ५४ टक्के प्रकाश उरतो, बाकीचा ४६ टक्के विस्तीर्ण, फिक्या वलयात पसरतो. प्रोग्रामला हे वलय माहीत नसतं, कारण त्याच्या मोडांत ते बसतच नाही. परिणामी तपशील तीक्ष्ण दिसतो, पण सगळ्या प्रतिमेवर पातळ धुकं राहतं. १०० मोड घेतले तर शिल्लक ०.२५ वर येते आणि शिखरात ७८ टक्के प्रकाश राहतो. मोड वाढवल्यावर कॉन्ट्रास्ट वाढतो, तो असा.

मग मोड वाढवतच का जाऊ नये? कारण प्रत्येक नव्या मोडासोबत गोंगाटाला शिरायला नवी फट मिळते आणि शोध चुकीच्या खळग्यात अडकण्याची शक्यता वाढते. मी ३६, ६०, १००, १५० अशा चार धावा करतो आणि कॉन्ट्रास्टचा आलेख काढतो. तो आधी चढतो, मग सपाट होतो. त्यानंतर पुन्हा चढू लागला तर तो चढ गोंगाटाचा समजावा. सपाट भागाच्या सुरुवातीला थांबावं.

या पद्धतीला फ्रेम कमी लागतात आणि अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सने किती दुरुस्ती केली हे तिला आगाऊ सांगावं लागत नाही. बदल्यात गणनेचा वेळ स्पेकलपेक्षा कितीतरी जास्त.

तिचं मोठेपण अरुंद पट्ट्याच्या निरीक्षणात दिसतं. वर्णरेषेतल्या एकेका बिंदूवर मोजक्याच, कमी प्रकाशाच्या फ्रेम मिळतात. पण शेजारी रुंद पट्ट्याचा कॅमेरा त्याच क्षणी चालू असेल तर दोन्हींसमोरची हवा एकच. २००५ मध्ये फान नूर्ट, रुप्पे फान डेर फूर्ट आणि ल्योफदाल यांनी याच आधारावर बहु-वस्तू रूप, एमओएमएफबीडी, मांडलं. भरपूर प्रकाश असलेला कॅमेरा विकृती ठरवतो आणि बारीक प्रकाशाच्या कॅमेऱ्याला तिचा फायदा मिळतो. स्पेकलच्या घराण्यातही याला उत्तर आहे: रुंद पट्ट्याची पुनर्रचना झाल्यावर तिच्या आणि कच्च्या फ्रेमच्या तुलनेतून विकृती काढायची आणि अरुंद पट्ट्याला लावायची. दोन्हींची अट एकच, कॅमेऱ्यांचे शटर अगदी एकाच क्षणी उघडले पाहिजेत. काही मिलिसेकंदांची चूकही इथे माफ नाही.

फेज डायव्हर्सिटी ही याच कुटुंबातली. जास्तीचा एक कॅमेरा मुद्दाम, मोजून मापून, फोकसबाहेर ठेवतात. १९८२ मध्ये गोन्साल्व्हेस यांनी सुचवलेली ही युक्ती शोधाला भक्कम लगाम घालते. हार्डवेअरमध्ये सोय असेल तर जरूर वापरा, पण फोकसबाहेरचं अंतर नेमकं माहीत असलं पाहिजे.

पायरी ६: न्यूरल नेटवर्क

२०१८ मध्ये आसेन्सिओ रामोस आणि सहकाऱ्यांनी असं नेटवर्क दाखवलं जे फ्रेमचा संच घेऊन पुनर्रचित प्रतिमा क्षणात देतं. ते एमओएमएफबीडीच्या निकालांवर शिकवलेलं होतं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा: गुरूच्या चुका शिष्यात उतरतात. मोड कमी पडल्याचं धुकं शिकवणीच्या प्रतिमांत असेल तर नेटवर्क धुक्यालाच सूर्य समजेल. नंतर आलेली काही नेटवर्कं उत्तर न दाखवता शिकतात. ती तरंगाग्राचा अंदाज करतात आणि त्यातून मूळ फ्रेम परत जुळतात का ते पाहतात. माझा कल या दुसऱ्या प्रकाराकडे आहे, कारण त्याला भौतिकीचा धागा सोडता येत नाही.

वेगासाठी, पाहणीसाठी, हजारो संचांतून चांगले निवडण्यासाठी नेटवर्क उत्कृष्ट. मोजमापासाठी वापरायचं तर पुढच्या कसोट्यांतून त्याला सगळ्यांपेक्षा कडक तपासणीने जाऊ द्या.

पायरी ७: कसोट्या

*सम-विषम चाचणी.* माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची. १०० फ्रेमचे दोन गट करा: १, ३, ५… आणि २, ४, ६… दोन्ही गटांनी तीच वेळ व्यापलेली असते, म्हणून सूर्य दोन्हींत सारखाच. दोन्हींवर तीच पद्धत स्वतंत्रपणे चालवा. मग दोन निकालांची फुरिये रूपांतरं घ्या आणि वारंवारतेच्या एकेका वलयात त्यांचं सहसंबंध-मूल्य काढा. कमी वारंवारतेत ते १ च्या जवळ असेल आणि बाहेर जाता जाता कोसळेल. ते जिथे कोसळतं तिथे तुमच्या संचाची खरी क्षमता संपते, मग सैद्धांतिक आकडा काहीही असो. अर्ध्या फ्रेमनी मूल्य कमी येतं, म्हणून पूर्ण संचासाठी दुप्पट मूल्य भागिले एक अधिक मूल्य असा हिशेब करतात. अर्ध्या संचांचं मूल्य ०.५ असेल तर पूर्ण संचाचं ०.६७.

पण एक सापळा आहे. दोन्ही गट एकाच संदर्भ-फ्रेमवर जुळवले तर त्या फ्रेमचा गोंगाट दोन्हींत उतरतो आणि मूल्य खोटं वाढतं. प्रत्येक गटाला त्याचीच संदर्भ-फ्रेम द्या. शिवाय ही चाचणी गोंगाटाचा खोटेपणा पकडते, पद्धतीचा पक्षपात नाही. धुळीचा ठिपका दोन्ही गटांत छान जुळतो. नेटवर्कला ग्रॅन्युलची सवय लागली असेल तर तेही दोन्ही गटांत सारखाच काल्पनिक तपशील भरतं.

*पुन्हा धूसर करण्याची चाचणी.* पक्षपातासाठी ही. पुनर्रचित सूर्य घ्या, एखाद्या फ्रेमसाठी काढलेल्या पीएसएफने धूसर करा आणि ती खरी फ्रेम वजा करा. उरलेलं चित्र नुसत्या गोंगाटासारखं, आकारहीन हवं. त्यात ग्रॅन्युलच्या कडा किंवा डागाची बाह्यरेषा ओळखू येत असेल तर प्रतिमान अपुरं आहे. मोड कमी घेतले की डागाभोवती मंद आभा उरते. एकदा पाहिली की विसरत नाही.

*कॉन्ट्रास्ट.* शांत सूर्याच्या भागात तीव्रतेचं प्रमाणित विचलन भागिले सरासरी. फक्त आकडा वाचून निर्णय करू नका, कारण गोंगाटही तो वाढवतो. तुलनेसाठी अवकाशातला दाखला उपयोगी पडतो: हिनोदे या जपानी सौर उपग्रहावरच्या ५० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला ६३० नॅनोमीटरजवळ शांत सूर्याचा कॉन्ट्रास्ट सुमारे ७ टक्के मिळाला, तर चुंबक-जलगतिकीय सिम्युलेशनमध्ये तो १४ ते १५ टक्के होता. फरकाचा बराचसा भाग दुर्बिणीच्या स्वतःच्या पीएसएफने समजावता आला. म्हणजे हवा नसतानाही नुसत्या प्रकाशयंत्रणेने कॉन्ट्रास्ट निम्मा होऊ शकतो. तुमच्या पुनर्रचनेत सिम्युलेशनपेक्षाही जास्त कॉन्ट्रास्ट आला तर आनंद मानू नका, फ्राइड लांबीचा अंदाज पुन्हा तपासा.

*ज्ञात सत्याची चाचणी.* सिम्युलेशनमधली ग्रॅन्युलची प्रतिमा घ्या. कोल्मोगोरोव्ह सांख्यिकीचे (हवेच्या खळबळीच्या प्रमाण प्रतिमानाचे) शंभर तरंगाग्र तयार करा, प्रत्येकाने प्रतिमा धूसर करा, फोटॉनचा गोंगाट मिसळा आणि हा कृत्रिम संच सर्व पद्धतींना द्या. उत्तर माहीत असल्यामुळे प्रत्येक वारंवारतेवर आयामाची आणि फेजची चूक वेगवेगळी मोजता येते. हवेचा एकच थर घेऊ नका. दोन-तीन थर वेगवेगळ्या उंचीवर ठेवा, नाहीतर उपक्षेत्रांची अडचण संचात येतच नाही. नेटवर्कसाठी इथे एक खास परीक्षा घ्या: त्याने कधी न पाहिलेला आकार, म्हणजे साधी वर्तुळं किंवा समांतर पट्टे, त्या प्रतिमेत पेरा. पट्ट्यांचे दाणे झाले तर उत्तर मिळालं.

मग कोणती निवडायची?

रुंद पट्टा, भरपूर फ्रेम आणि झटपट निकाल हवा असेल तर स्पेकल. इनोये दुर्बिणीचा रुंद पट्ट्याचा कॅमेराही त्याच वाटेने जातो. वर्णरेषा आणि ध्रुवण मोजायचं असेल, फ्रेम कमी असतील आणि कॅमेरे एकाच ठोक्याला चालत असतील तर एमओएमएफबीडी. हवा वाईट, फ्राइड लांबी ५ सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर बायस्पेक्ट्रमचा फेज एमएफबीडीच्या शोधापेक्षा जास्त वेळ तग धरतो, असा माझा अनुभव. चुंबकीय क्षेत्रासाठी प्रतिमांची वजाबाकी करायची असेल तर सौम्य गाळणीचा, थोडा मऊ निकाल पत्करा. वजाबाकीत गोंगाट जास्त जोराने वर येतो.

आता ती काळी रेघ. स्पेकलच्या सम गटात ती होती, विषम गटातही त्याच जागी, त्याच रुंदीची होती. ३६ मोडांच्या एमएफबीडीमध्ये ती नव्हती, आणि पुन्हा धूसर करण्याच्या चाचणीत नेमक्या त्या तंतूवर एक लांबट, काळपट शिल्लक उरत होती. मोड १०० केले तेव्हा रेघ तिथेही उमटली, फिकट पण स्पष्ट, आणि ती शिल्लक गेली. त्याच प्रतिमेत तंतूच्या टोकाला उजळ मण्यांची एक सुरेख माळ होती, जी मला रेघेपेक्षाही जास्त आवडली होती. ती फक्त विषम गटात होती. रेघ अहवालात गेली, माळ गेली नाही.